शुक्रवारनंतर

"बायांनो, चांगलं लिहा असं मी म्हणत नाही. खरं लिहा," जलीला म्हणाली होती. "नाव विचारलेलं नाही. नंबर दिसत नाही. कोणी काय लिहिलं ते मलासुद्धा कळणार नाही."

"खरं लिहिलं तर बंद पडेल ना गं, लल्ला," बसमा मागून ओरडली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

जलीला नर्स. तिला आम्ही आदराने लल्ला म्हणायचो, म्हणजे ताई. सरकारी दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती दर रविवारी दुपारी आम्हा शिलाईच्या बायकांना औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बोलवायची. मोनास्तीरच्या आसपासच्या आमच्या गावांत दर घरातली एक तरी बाई कारखान्यात जाते. कोणी जीन्सचे खिसे शिवतं, कोणी कॉलर. वर्षानुवर्षं मान खाली घालून शिवलं की ती मान पुन्हा वर होत नाही. जलीला रक्तदाब बघायची, मानेचे व्यायाम करून घ्यायची, आणि मग चहा आणि नुसतं बोलणं. कारखान्यात बोललं की पीस कमी भरतात, घरी बोललं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. त्या दोन खोल्यांत मात्र बोलता यायचं.

खर्च परदेशातली एक संस्था करायची, आणि आता ती विचारत होती, या सगळ्याचा उपयोग काय झाला? त्यासाठी हा सर्व्हे. फोनवर आलेली लिंक उघडायची आणि गोलांवर बोट टेकवायचं. मान दुखते का, झोप लागते का, रविवारच्या बैठकीने फरक पडला का. मध्येच एक प्रश्न होता: गेल्या दोन आठवड्यांत, जगून काही उपयोग नाही असं किती वेळा वाटलं? कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळपास रोज. आणि अगदी शेवटी एक मोकळी चौकट: आणखी काही सांगायचं आहे?

मी तिथे लिहिलं, "खुर्च्या बदला."

राजधानीत, ट्यूनिसमध्ये अनीस नावाचा एक पोरगेलासा माणूस होता, तो ही उत्तरं कॉम्प्युटरवर गोळा करायचा. त्याचा सारखा निरोप यायचा की उत्तरं कमी पडताहेत, एवढ्यावर संस्था पुढचं वर्ष मंजूर करणार नाही. जलीला तो निरोप आम्हाला वाचून दाखवायची आणि तिचा आवाज बारीक व्हायचा. मग अचानक उत्तरं वाढली. भराभर वाढली. जलीलाच्या जिवात जीव आला.

हे सगळं झालं ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत. त्यानंतरचा गुरुवार मी विसरणं शक्य नाही.

कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागतात. दुपारच्या सुट्टीत आम्ही पाव आणि हरिसाची तिखट चटणी घेऊन कपाटांच्या खोलीत बसलो, आणि सगळ्यांचे फोन एकदमच वाजायला लागले. आमच्या ग्रुपवर जलीलाचा आवाज होता. कोणीतरी मोठ्याने लावला.

"बायांनो, सोमवारी कोणीतरी शेवटच्या चौकटीत काही लिहिलंय. मी ते आज वाचलं. जिने लिहिलं तिला कळेल मी कशाबद्दल बोलतेय. बाई, तू जी कोणी असशील ती, मला फोन कर. मी कोणाला सांगणार नाही, काही विचारणारही नाही. फक्त आत्ता फोन कर. अल्लाहची शपथ आहे तुला, आत्ता कर."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. आम्ही हातातला घास तसाच धरून बसलो.

पहिली भडकली ती दलेंदा. ती कॉलरच्या लाइनीवर काम करते.

"म्हणजे दिसतं तर! कोणालाच कळत नाही म्हणाली होती ना? मग आज हिला कसं कळलं? आज हिला कळलं, उद्या सुपरवायझरला कळेल."

"तू काय लिहिलंस एवढं?" मी विचारलं.

"जे लिहिलं ते लिहिलं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. सुपरवायझर दलेंदाच्या मशीनपाशी नको इतका वेळ उभा असतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती काय लिहून बसली असेल ते न सांगता समजलं.

मग सगळ्यांचे डोळे हळूहळू एकीकडे वळले. महर्झिया खिडकीपाशी बसली होती. तिचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी होडीतून इटलीला जायला निघाला आणि त्यानंतर त्याचा एकही फोन आलेला नाही. आम्ही बघतोय हे तिला जाणवलं. तिने पाव खाली ठेवला.

"माझ्याकडे काय बघताय गं? मला मरायला परवानगी आहे का? मी मेले आणि त्याचा फोन आला तर उचलणार कोण?"

तेवढ्यात भोंगा झाला आणि आम्ही मशीनवर गेलो. त्या दुपारी मी किती खिसे उलटे शिवले आणि किती उसवले, मोजलं नाही. बाजूच्या मशीनवर बसमा होती. ती एरवी मशीनच्या आवाजावरून माझ्याशी भांडते, त्या दिवशी खिशामागून खिसा शिवत राहिली.

पाळी संपल्यावर आम्ही दोघी थेट औषधाच्या दुकानावरच्या खोल्यांत गेलो. जलीला दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आली होती. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, समोर दोन फोन. एकावर अनीस होता.

"नाव कुठून देऊ, लल्ला जलीला? नाव आहेच कुठे? आपणच ठरवलं होतं ना, काही साठवायचं नाही."

"फोन नंबर?"

"तोही साठवलेला नाही."

"कुठल्या गावातून आलं, एवढं तरी?"

"नाही. बायका न घाबरता लिहितील म्हणून तूच म्हणालीस, नको."

"मग साठवलंयस तरी काय तू?"

"सरासरी," तो म्हणाला. "सरासरी फार छान आहे. संस्था खूश होईल. हे एकच उत्तर..."

"तुझी सरासरी घाल चुलीत!" जलीला किंचाळली आणि तिने फोन पालथा घातला. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग ती आमच्याकडे वळली. "सोमवारी आलेलं उत्तर, आणि मी आज वाचतेय. आधी आकडे, मोकळ्या चौकटी शेवटी, अशी पद्धत आहे म्हणे. तीन दिवस ते तिथे पडून होतं."

दुसरा फोन वाजतच होता. रविवारी येणाऱ्या प्रत्येक बाईला जलीलाने एकेक करून गाठलं होतं. सगळ्या म्हणाल्या, मी नाही. पण 'मी नाही' म्हटल्यावर त्या फोन ठेवत नव्हत्या. एक म्हणाली, मी नाही, पण मुलगा जन्मला तेव्हा माझ्या मनात आलं होतं. एक नुसतीच रडली. ज्यांच्याशी दुपारी बोलणं झालं होतं त्या आता पुन्हा फोन करत होत्या. जलीला प्रत्येकीला सांगत होती, मी उद्या येते, परवा येते, आज फक्त ही एक सापडू दे.

"सगळ्या झाल्या," ती आम्हाला म्हणाली. "यादीतली एकही राहिली नाही. कोणीतरी खोटं बोलतंय, आणि मला ओळखता येत नाहीये."

"काय लिहिलंय ते वाच तरी," मी म्हटलं.

तिने वाचलं. "सगळं उत्तम आहे. हे बंद करू नका, ज्या राहतील त्यांना लागेल. मला शुक्रवारनंतर कशाची गरज लागणार नाही. पाठ आता दुखली तरी चालेल."

बसमा भिंतीला टेकून उभी होती.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

जलीलाने पुन्हा वाचलं. बसमा तिथेच फरशीवर खाली बसली.

"उद्या शुक्रवार. उद्या आम्ही शहदला आणायला जाणार आहोत."

"कोण शहद?"

"माझ्या भावाची मुलगी. रिबाहची. लल्ला, मी ती लिंक रिबाहला पाठवली होती."

"कोण रिबाह? ती रविवारी येते?"

"ती कशी येईल? ती तिकडे सिदी बूझीदच्या पुढे, बीर अलवानला असते. तूच म्हणालीस ना, उत्तरं कमी पडताहेत. मी तिला म्हटलं, काही वाचू नकोस, सगळ्याला 'उत्तम' टेकव आणि पाठवून दे. सगळ्यांनीच पाठवली, लल्ला. बहिणींना, जावांना. नजातनेही पाठवली."

नजात म्हणजे मी; मी मान डोलावली. माझ्या नणंदेने तर सर्व्हे दोनदा भरला होता.

जलीला आमच्याकडे बघत राहिली. आमच्यावर ओरडायला तिला वेळ नव्हता. "फोन लाव तिला," एवढंच म्हणाली.

रिबाहचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. मग बसमाने आपल्या आईला लावला. तिची आई आणि रिबाह एकाच घरात राहतात. रिबाहचा नवरा, म्हणजे बसमाचा भाऊ, लिबियात बांधकामावर आहे आणि ईदलाही येईलच असं नसतं.

"उम्मी, रिबाह कुठे आहे?"

"असेल इथेच. कुठे जातेय ती?" म्हातारीचा आवाज आम्हा तिघींना ऐकू येत होता. "पोरीचे कपडे धुऊन वाळत घातलेत. पोरीची वेणी घालून दिली. आज अगदी शहाण्यासारखी वागतेय हो. कण्हणं नाही, रडणं नाही. सकाळपासून कशी शांत आहे."

बसमाने सुटकेचा श्वास टाकला. जलीलाचा चेहरा मात्र 'शांत' ऐकून उतरला. तिने बसमाच्या हातून फोन घेतला.

"मावशी, मी नर्स आहे. नीट ऐका. रिबाहला एकटं सोडू नका. तिच्या जिवाला धोका आहे. ती स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल."

मग म्हातारी उसळली. "थू! तुझ्या तोंडात माती! आमच्या घरात असलं काही नसतं. कोण गं तू?" आणि फोन बंद. नंतर ती उचलेचना.

जलीलाने तिकडच्या दवाखान्यात लावला. रखवालदाराने उचलला, म्हणाला दुपारनंतर इथे कोणी नसतं. रुग्णवाहिकेला लावला तर त्यांनी विचारलं, घटना घडली आहे का? नाही म्हटल्यावर सांगितलं, घडली की कळवा.

फोन ठेवून, गाडीची किल्ली उचलून ती म्हणाली, "चला."

जलीलाची गाडी जुनी. दार आतून दोरीने ओढून धरावं लागतं. पुढे त्या दोघी, मागे मी. कैरवानचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा, झाडांखाली जाळ्या पसरलेल्या. उतरणीचे दिवस असल्याने समोरून बायकांनी भरलेले ट्रक येत होते. उभ्या, एकमेकींना धरून, तोंडावर फडकी बांधलेल्या. असाच एक ट्रक दोन हिवाळ्यांपूर्वी बीर अलवानच्या वळणावर उलटला होता आणि त्यात रिबाह होती. दोघी जागच्या जागी गेल्या. रिबाह वाचली, पण पाठ गेली. तेव्हापासून ती धड बसू शकत नाही, धड झोपू शकत नाही.

"शहदला का आणताय तुम्ही?" जलीलाने विचारलं.

"शाळेसाठी," बसमा म्हणाली. "तिकडे शाळा लांब आहे. माझे दोघे पोरगे जातात त्यांच्याबरोबर जाईल. तिचं भलंच होईल ना गं? रिबाहला तिचं करणंही होत नाही."

"रिबाहला विचारलं?"

"भावाला फोनवर विचारलं. तो हो म्हणाला."

"मी रिबाहबद्दल विचारतेय."

बसमाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. "नाही. तिला उम्मीने सांगितलं."

वाटेत पोलिसांनी थांबवलं. तिघी बायका, दिवस कलताना, एवढ्या आत कुठे निघालात? जलीला कागद शोधायला लागली. पाकीट तिच्या हातून पायाशी पडलं.

"माझ्या माहेरी," बसमा म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

पोलिसाला वाटलं आम्ही मयतीला निघालोय. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "अल्लाह तुम्हाला धीर देवो," म्हणाला आणि हाताने वाट दाखवली. आम्ही तिघींनी 'आमीन' म्हटलं. म्हणून झाल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

घरी पोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. दारात शहद उभी होती. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पाठीवर नवंकोरं दप्तर. ते ती दिवसभर उतरवत नव्हती म्हणे.

"आत्या! तू उद्या येणार होतीस ना?"

"आई कुठे आहे, शहद?"

"पाव भाजतेय."

आम्ही घरामागे धावलो. तबूना पेटलेली होती, मातीच्या त्या भट्टीच्या आतल्या अंगाला पाव चिकटवलेले होते. ते जळून काळे झाले होते. रिबाह नव्हती.

बसमाने जी हाक मारली तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. म्हातारी काठी टेकत बाहेर आली. "काय झालं, काय झालं? आत्ता तर इथे होती." मी शेळ्यांच्या गोठ्यात पाहिलं, पाण्याच्या टाकीपाशी पाहिलं. टाकीवरचं झाकण बंद होतं. तरी मी ते उचलून आत पाहिलं. हात आपोआप कामं करतात आणि आपण दुसरीकडेच कुठेतरी असतो. जलीला निवडुंगाच्या कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. थोड्या वेळाने तिची हाक आली.

रिबाह पलीकडच्या मोकळ्या रानात, नांगरलेल्या ढेकळांत एका कुशीवर पडली होती. हालचाल नाही. बसमाने आपलं तोंड झोडून घ्यायला सुरुवात केली. जलीला गुडघ्यांवर बसून तिची नाडी बघत होती.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "डोळे उघडे आहेत. बसमा, थांब. जिवंत आहे."

पाठीने दगा दिला होता. पावांना भट्टीत सोडून ती रस्त्याकडे निघाली होती, ट्रक उलटला होता त्या वळणाकडे. रानाच्या मध्यावर पाठीत उसण भरली आणि ती कोसळली. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि कोणी येऊ नये म्हणून तिने हाकही मारली नव्हती. ढेकळांत किती वेळ पडली होती कोण जाणे. ओठ निळे पडले होते.

जलीलाने अंगावरचा कोट काढून तिच्यावर घातला आणि शेजारी मातीत बसली.

"रिबाह, मी जलीला."

"कोण जलीला?"

"रविवारवाली. तू उत्तर लिहिलं होतंस ना, ते मी वाचलं."

रिबाहने तिच्याकडे पाहिलं.

"ते कोणी वाचतं?"

"मी वाचलं."

"बसमा म्हणाली, मशीन मोजतं. कोणी वाचणार आहे हे माहीत असतं तर लिहिलं नसतं."

"मग लिहिलंस का, बाळा?"

"विचारलं होतं ना," रिबाह म्हणाली. "आणखी काही सांगायचं आहे का म्हणून. मला असं कोणी विचारत नाही."

जलीलाने रिबाहचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चोळत राहिली.

"उद्यापर्यंत थांबणार होते," रिबाह पुढे म्हणाली, जणू बाजारहाटाबद्दल सांगावं तशी. "पण उद्या तिच्यासमोर रडले असते. तिला रडकी आई आठवत राहिली असती. आज वेणी घातली, ती चांगली बसली. म्हटलं, आजच."

बसमा तिच्या पायांशी लोळण घेत होती. "मला का नाही सांगितलंस? मी नेली नसती गं तिला. मी नसती नेली."

"तू छान कपडे घेतलेस तिच्यासाठी. कसं सांगू?"

आम्ही तिला घोंगडीवर घेतलं आणि तिघींनी मिळून घरात आणलं. प्रत्येक पावलाला ती दात आवळत होती. म्हातारी दारात उभी राहून बडबडत होती. "आम्ही हिला काय कमी केलं? खायला नाही घातलं? माझा मुलगा तिकडे ऊन-वाऱ्यात मरतोय आणि ही इथे तमाशा करतेय. लोक काय म्हणतील?"

"हिला हॉस्पिटलात नेतोय आम्ही," जलीला म्हणाली. "आत्ता."

"आणि शेळ्या? माझी साखर वाढली तर सुई कोण टोचणार?"

म्हणजे तिची सुई रोज रिबाह टोचत होती. पाठ मोडलेली, निरुपयोगी रिबाह. बसमाच्या मनात तेच आलं असावं, कारण ती उठली आणि आईसमोर उभी राहिली.

"उम्मी, तू माझी आई आहेस. पण आता एक शब्द बोलू नकोस. रिबाह माझ्या घरी येईल आणि शहद तिच्याबरोबर येईल. शेळ्या शेजाऱ्यांना सांग."

म्हातारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. नंतर आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा तीच बाहेर आली आणि रिबाहच्या अंगावर आपली लोकरीची शाल टाकून गेली. तिच्याबद्दल मला जेवढं वाईट बोलावंसं वाटतं तेवढं बोलता येत नाही ते यामुळे.

हॉस्पिटलात जागा मिळायला सकाळ झाली. मनाच्या आजाराचा डॉक्टर एकच, आणि तोच तीन जिल्ह्यांचे पेशंट बघायचा. त्याने तिला काही दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी या म्हणाला. पाठीच्या डॉक्टरने स्कॅनचं चित्र उजेडासमोर धरलं आणि सांगितलं, नस दाबली गेलीय, ऑपरेशन लागेल, नाव यादीत घालतो. यादी केव्हा सरेल ते त्याने सांगितलं नाही.

जलीलाने अहवालात जसं घडलं तसं लिहिलं. लिंक बाहेर फिरली, बाहेरच्या बायकांनी उत्तरं दिली, आपण गुप्ततेचा शब्द मोडून सगळ्यांना निरोप पाठवला, सगळं. अनीसने तिला फोन करून विनवलं म्हणे, की एवढं लिहू नकोस, मी बाहेरची उत्तरं गाळून आकडे बसवतो. ती नाही म्हणाली. संस्थेचं पत्र फार सभ्य होतं. सर्व्हे ग्राह्य धरता येत नाही, सबब उपयोग सिद्ध होत नाही, सबब पुढचं वर्ष नाही. त्या दोन खोल्यांत आता गणिताची शिकवणी चालते.

दलेंदा अजून जलीलाशी बोलत नाही. तिने चौकटीत काय लिहिलं होतं ते जलीलाने वाचलं होतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुपरवायझर अजून तिच्या मशीनपाशी उभा राहतो. आता आम्ही आळीपाळीने मुद्दाम धागा संपल्याचं नाटक करून तिथे जाऊन उभ्या राहतो. तो वैतागतो, पण जातो.

शेवटच्या दिवशी खोल्या रिकाम्या करताना मी जलीलाला खुर्च्या उचलायला मदत करत होते. तिने अनीसला शेवटचा फोन लावला.

"त्या प्रश्नाला 'जवळपास रोज' टेकवून चौकट मोकळी सोडलेल्या किती आहेत, अनीस?"

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि थांबली.

"आहेत ना?"

"आहेत, लल्ला."

"आमच्यातल्या की बाहेरच्या?"

"ते कळायला काही मार्ग नाही."

जलीला खुर्चीवर बसली आणि फोन मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. मी तिला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. मी स्वतः त्या प्रश्नाला काय टेकवलं होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून मशीनवर मान वर करून लाइनीतल्या वाकलेल्या माना बघायची मला सवय लागलीय. त्यातल्या कोणी 'जवळपास रोज' टेकवलं होतं, ते बघून समजत नाही.

रिबाह बसमाच्या मागच्या खोलीत राहते. शहद शाळेत जाते. काही दिवस बरे जातात. तेव्हा रिबाह बसल्या बसल्या मिरच्या निवडते, बसमाच्या पोरांना ओरडते, एकदा तर माझ्या चालण्याची नक्कल करून तिने सगळ्यांना हसवलं. काही दिवस ती उठतच नाही. गोळ्या बसमा आपल्याजवळ ठेवते आणि एकेक देते. बसमाची सकाळची पाळी असली की मी दुपारची मागून घेते, म्हणजे घरात कोणीतरी असतं. महर्झियाही येते कधीकधी. फोन हातात धरून बसते.

काल गेले तेव्हा रिबाह भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाव आणि दूध तसंच होतं. मी जाऊन कडेला बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नजात, तू जा. कंटाळशील."

"मला कुठे जायचंय?" मी म्हटलं. "बसमा येईपर्यंत मी मोकळीच आहे."

तिने शाल खांद्यावर ओढून घेतली. झोपली की नुसती पडून होती ते कळेना. म्हणून मी तिच्या पाठीवरची शाल श्वासाबरोबर वर-खाली होताना बघत बसले.